अस्वलांच्या मुलखात कोणती बंदूक न्यावी?

अलास्कात मासेमारीला किंवा लांबच्या भटकंतीला निघालेल्या माणसाला बंदुकीबद्दल पडणारा पहिला प्रश्न हमखास कॅलिबरचा, म्हणजे गोळी किती जाड याचा, असतो. .४४ मॅग्नम पुरेल, की .५०० लागेल? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. का, ते एका अभ्यासातून कळते.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वल-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना तपासल्या. या घटनांमध्ये माणसाजवळ बंदूक होती आणि समोर अस्वल होते. २०१२ मध्ये हा अभ्यास 'जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट'मध्ये छापून आला. बंदूक जिथे उपयोगी पडली नाही, तिथली कारणे त्यांनी मोजली. बंदूक उचलायला वेळच मिळाला नाही, २७ टक्के. जवळ असून वापरलीच नाही, २१ टक्के. बंदूक अडकली किंवा बिघडली, १४ टक्के. अस्वल इतके जवळ आले की रोखताच आली नाही, ९ टक्के. नेम चुकला, ९ टक्के. गोळ्या संपल्या आणि पुन्हा भरता आल्या नाहीत, ८ टक्के. सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) काढता आली नाही, आणखी ८ टक्के. उरलेल्यांत काही जण गोळी झाडायच्या नादात अडखळून पडले.

या यादीत 'गोळी लहान पडली' असे कारण नाही. म्हणून बंदूक निवडताना क्रम असा धरावा: आधी हातात किती लवकर येते, मग ती न अडकता चालते का, मग तुमचा नेम लागतो का, आणि त्यानंतर गोळी किती खोल जाते. बंदुकीचा आकडा शेवटी.

दोन सेकंद

तपकिरी अस्वल, म्हणजे ग्रिझली, ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते. सेकंदाला १४ मीटर. दाट झुडपात ते बहुतेक वेळा २५-३० मीटरवर असतानाच दिसते. म्हणजे हातात दोन सेकंद. सराव असलेला माणूस उघड्या होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढून पहिली नेमकी गोळी झाडतो तोवर दीड-दोन सेकंद जातात, आणि तेही मैदानावर, काय होणार हे आधीच ठाऊक असताना. जंगलात दचकण्यातच एक सेकंद गेला, तर उरलेल्या एका सेकंदात जमेल तेवढेच तुमचे.

दुसरा हिशेब याहून वाईट आहे. हृदयातून गोळी आरपार गेली तरी जनावर जागच्या जागी कोसळत नाही. मेंदूत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर ते १०-१५ सेकंद हालचाल करू शकते, आणि तेवढ्यात शंभर मीटरहून जास्त धावू शकते. शिकाऱ्याला हे चालते. गोळी झाडून तो वाट पाहतो. अंगावर येणारे अस्वल मात्र तिथल्या तिथे थांबायला हवे, आणि ते दोनच गोष्टींनी थांबते: मेंदू किंवा कणा तुटला तर, नाहीतर खांद्याची आणि पुढच्या पायांची हाडे मोडून त्याला धावताच येईनासे झाले तर. त्या हाडांपर्यंत पोचायला गोळीला केस, चरबी आणि स्नायूंचा जाड थर कापावा लागतो. मोठ्या नराचा हा थर थोडाथोडका नसतो.

कपाळावर नेम धरायचा मोह होतो, तो टाळावा. अस्वलाचे कपाळ मागे उतरते असते आणि मेंदू डोळ्यांच्या पातळीवर, बराच मागे असतो. कपाळाच्या वरच्या भागावर लागलेली गोळी कातडीखालून घसरून जाऊ शकते. शिवाय धावताना डोके सतत वरखाली होत असते. समोरून येणाऱ्या अस्वलाच्या हनुवटीखाली, छातीच्या मध्यावर नेम धरावा. डोके खाली असेल तर नाकाच्या रेषेत. आडवे दिसत असेल तर खांद्यावर. आणि एक गोळी झाडून परिणाम बघत उभे राहायचे नसते. ते थांबेपर्यंत झाडत राहायचे.

आधी स्प्रे, मग बंदूक

बंदुकीच्या लेखात अस्वलावर फवारायच्या तिखट स्प्रेचे काय काम, असे वाटेल. पण बंदूक घेणाऱ्यानेही कमरेला स्प्रे लावावा असे आमचे स्पष्ट मत आहे. याच संशोधकांनी २००८ मध्ये अलास्कातल्या स्प्रेच्या घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांचे नको ते वागणे ९२ टक्के वेळा थांबले, काळ्या अस्वलांचे ९० टक्के, आणि स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. बंदुकीच्या अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के होते. हे आकडे एकमेकांसमोर ठेवून 'स्प्रे जिंकला' असे म्हणणे मात्र घाईचे आहे. स्प्रेच्या घटनांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही बरीच होती, तर बंदुकीच्या जुन्या नोंदींत वाईट शेवट झालेल्या घटना जास्त नोंदल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. निर्विवाद गोष्ट एवढीच की स्प्रेला बारीक नेम लागत नाही. ढग पसरतो आणि अस्वल त्यात शिरते.

अमेरिकेत अस्वलांसाठी विकल्या जाणाऱ्या स्प्रेत कॅप्सेसिन आणि त्यासारख्या घटकांचे प्रमाण १ ते २ टक्के असते आणि डबा किमान २२५ ग्रॅमचा असतो. माणसांवर वापरायचा खिशातला मिरचीचा स्प्रे यासाठी चालत नाही. फवारा साधारण ७ ते ९ मीटर जातो आणि डबा सहा-सात सेकंदांत रिकामा होतो. वारा समोरून असेल तर अंतर घटते आणि फवारा तुमच्याच डोळ्यांत येतो. कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब कमी होतो, म्हणून तो कोटाच्या आत ठेवावा लागतो. तीन-चार वर्षांनी मुदत संपते. मुदतीची तारीख डब्यावर छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. विमानात स्प्रे नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना पोटातल्या. तो पोचल्यावरच विकत घ्यावा.

मग बंदूक कशासाठी? जोरदार वारा, तंबूच्या आत फवारता न येण्याची स्थिती, स्प्रे खाऊनही मागे न फिरणारे अस्वल, आणि मुख्य म्हणजे ध्रुवीय अस्वलांचा प्रदेश. तिथे उघड्या बर्फावर अस्वल दुरून दिसते आणि ते भुकेने माग काढत येत असू शकते.

कोणते अस्वल, त्यावर बंदूक

उत्तर अमेरिकेतले काळे अस्वल बहुधा ६० ते १८० किलोंचे असते आणि ते बहुतेक वेळा आवाजाने पळते. किनाऱ्यावरचे, सॅमन मासे खाऊन फुगलेले तपकिरी अस्वल ३०० ते ४५० किलोंपर्यंत सहज जाते, काही नर त्याहूनही मोठे. ध्रुवीय नर त्याच तोलाचा किंवा अधिक. फक्त काळी अस्वले असलेल्या भागात .३५७ मॅग्नम चालून जाते. किनारी अलास्कात तेच निवडणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

अलास्कातल्या अमेरिकी वनखात्याच्या संशोधकांनी १९८३ मध्ये थोड्या अंतरावरून निरनिराळ्या काडतुसांची चाचणी घेतली होती. सर्वांत वर .४५८ आणि .३७५ सारख्या आफ्रिकी शिकारीच्या रायफली होत्या, यात नवल नाही. नवल हे की साधी .३०-०६ रायफल, २२० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) जड गोळीसह, चांगली ठरली. मोठ्या छऱ्यांची शॉटगन मात्र नापास झाली, आणि .४४ मॅग्नम रायफलींच्या बरीच मागे राहिली.

ऊर्जेचे आकडे पाहिले की हे समजते. ९ एमएम पिस्तुलाची गोळी सुमारे ५०० ज्यूल घेऊन निघते. १० एमएम ९०० च्या आसपास, .४४ मॅग्नम १३०० च्या आसपास. बारा बोअरच्या शॉटगनचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) ३००० च्या वर, .३०-०६ ची जड गोळी ३८०० च्या जवळ, .३७५ तर ५५०० च्या पुढे. पिस्तूल हे रायफलीची बरोबरी करण्यासाठी नसतेच. ते अंगावर असते, हा त्याचा गुण. लांब बंदूक झाडाला टेकवून माणूस दहा मीटरवर मासे साफ करत बसला, तर तिचे ३८०० ज्यूल कुणाच्याच कामाचे नाहीत. पिस्तुलांच्या आणि लांब बंदुकांच्या यशाच्या ८४ आणि ७६ या आकड्यांमागेही हेच असावे असे वाटते. मात्र पिस्तुलांच्या घटना जेमतेम ३७ होत्या, हे विसरू नये.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

.४४ मॅग्नम १९५५ पासून आहे आणि अजूनही अलास्कातले नेहमीचे उत्तर तेच आहे. चार ते सहा इंचांची नळी, वजन एक ते सव्वा किलो, सहा गोळ्या. रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा असा की एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. अस्वल अंगावर चढलेले असताना नळी त्याच्या अंगाला टेकवूनही ते चालते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असे जोरात टेकवले तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकते आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही. हे फार थोड्यांना माहीत असते.

.४५४ कॅसुल किंवा २००३ मध्ये आलेले .५०० स्मिथ अँड वेसन कागदावर भारी. पण धक्का इतका की दुसऱ्या गोळीपर्यंत नळी पुन्हा लक्ष्यावर आणायलाच दीड सेकंद जातो. शिवाय अशा बंदुकीचा सराव कोणी करत नाही, कारण मनगट दुखते. महिन्यातून पन्नास गोळ्या झाडवणार नाहीत अशी बंदूक घेऊच नये. हीच गोष्ट उलट बाजूने हलक्या टायटॅनियम रिव्हॉल्व्हरांना लागू आहे. खिशाला बरे, पण धक्का हाताला आणि काडतुसालाही सोसवत नाही. धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि काडतुसे धरून फिरणाऱ्या सिलिंडरच्या पुढे डोकावून ते फिरायचे थांबवतात. तपासायची पद्धत सोपी आहे: सहा भरा, पाच झाडा, सहाव्या काडतुसाची लांबी मोजा. वाढली असेल तर ते काडतूस त्या बंदुकीत वापरू नका.

१० एमएम पिस्तूल गेल्या काही वर्षांत बरेच लोकप्रिय झाले आहे. ग्लॉक २० या १० एमएम पिस्तुलात १५ गोळ्या बसतात आणि धक्का .४४ पेक्षा कमी, म्हणून दुसरी आणि तिसरी गोळी लवकर लागते. ग्रीनलंडच्या ओसाड किनाऱ्यावर गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी हेच पिस्तूल बाळगते, सोबत .३०-०६ ची जुनी एम-१९१७ रायफल. नवशिक्याला एकच हातातली बंदूक सुचवायची झाली तर आम्ही १० एमएम सुचवू. दोष सांगायचे तर मनगट ढिले राहिले की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते. रुंद, चपट्या नाकाच्या गोळ्या काही पिस्तुलांत नीट चढत नाहीत. म्हणून जी काडतुसे सोबत न्यायची, नेमकी तीच किमान शंभर झाडून पाहायची, स्वस्तातली दुसरी नव्हेत.

२०१६ मध्ये अलास्कातल्या एका मुरलेल्या गाईडने ९ एमएम पिस्तुलाने ग्रिझली मारली. ही गोष्ट दर चर्चेत निघते. त्यावरून ९ एमएम पुरते असे नव्हे, तर मुरलेला हात आणि खोल जाणारी गोळी किती मोलाची, एवढेच ठरते.

गोळी कोणती

स्वसंरक्षणासाठी दुकानात पहिली दाखवतात ती पोकळ टोकाची गोळी. माणसाच्या अंगात ती फुलते आणि आतच थांबते. अस्वलाच्या बाबतीत नेमका हाच तिचा दोष. ती चरबीत आणि वरच्या स्नायूंत फुलून थांबते. पिस्तुलासाठी हार्ड-कास्ट गोळी घ्यावी. ही शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओतलेली, कडक, चपट्या नाकाची असते. ती फुलत नाही, सरळ जाते, हाड मोडते. .४४ साठी २४० ते ३०० ग्रेन, १० एमएमसाठी २०० ते २२०. ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांच्या नळीत उघडी शिशाची गोळी वापरू नये असे उत्पादक सांगतात, कारण नळीत शिसे साचून दाब वाढतो. त्यावर उपाय म्हणजे वेगळी नळी बसवणे किंवा अखंड तांब्याची गोळी वापरणे.

शॉटगनमध्ये छर्रे नकोतच. डबल-ऑट काडतुसात साधारण नऊ छर्रे असतात, प्रत्येक जेमतेम साडेतीन ग्रॅमचा. प्रत्येक छर्रा म्हणजे एक दुबळी गोळी. स्लग हवा, आणि त्यातही मऊ फॉस्टर पद्धतीचा नव्हे, तर ब्रेनेके पद्धतीचा कडक स्लग. मऊ स्लग हाडावर चपटा होतो.

शॉटगन आणि रायफल

बारा बोअरची पंप शॉटगन स्वस्त, सगळीकडे मिळणारी आणि १८ ते २० इंची नळीत आटोपशीर. तिचा नेहमीचा बिघाड माणसाच्या हातात असतो: घाबरलेला हात पंप पूर्ण मागे ओढत नाही, रिकामे काडतूस बाहेर पडत नाही आणि बंदूक अडते. सराव करताना पंप मागच्या टोकाला आदळेपर्यंत ओढायची सवय लावावी. आवाजाची फटाका-काडतुसे आणि स्लग एकाच मॅगझीनमध्ये (बंदुकीतल्या काडतुसांच्या साठ्यात) मिसळू नयेत. ऐनवेळी कोणते वर आहे ते आठवत नाही. शिवाय फटाका अस्वलाच्या पाठीमागे फुटला तर ते तुमच्याच दिशेने पळते.

लिव्हरची .४५-७० रायफल तिकडे फार आवडती. पण हे काडतूस १८७३ चे. जुन्या बंदुका फुटू नयेत म्हणून कारखान्यातली साधी .४५-७० काडतुसे मुद्दाम सौम्य ठेवलेली असतात. आधुनिक रायफलसाठी बनवलेली जोरकस काडतुसे मागून घ्यावी लागतात. नळीसारख्या मॅगझीनमुळे गोळीचे नाक चपटेच हवे, कारण टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने ते आतच उडू शकते.

बोल्टच्या रायफलीत .३०-०६, .३३८ किंवा .३७५. मोठी दुर्बीण काढून टाका. पाच मीटरवर त्यात फक्त केस दिसतात. उघडी साइट किंवा एकपटीवर येणारी छोटी दुर्बीण ठेवावी. कॅनडाच्या उत्तरेतले रेंजर्स कित्येक दशके .३०३ ली-एन्फिल्ड वापरत आले आणि आता त्यांच्याकडे .३०८ आहे. म्हणजे अचाट कॅलिबर नव्हे, तर भरवशाचा बोल्ट आणि ओळखीची बंदूक.

बाळगायची कुठे

पाठीवरच्या सॅकला बांधलेली बंदूक ही बंदूक नव्हे, ओझे आहे. पिस्तूल छातीवरच्या होल्स्टरमध्ये असावे, म्हणजे सॅकचा कमरपट्टा आणि पाण्यात उतरायचा सूट आड येत नाही, आणि जमिनीवर पडल्यावरही ते हाताला लागते. स्प्रे दुसऱ्या हाताच्या बाजूला. सरावासाठी ७ मीटरवर ताटाएवढे लक्ष्य ठेवा आणि होल्स्टरमधून काढून तीन सेकंदांत दोन गोळ्या त्यात बसतात का ते पाहा. बसत नसतील तर बंदूक बदलण्याआधी सराव वाढवा. रात्री तंबूत बंदूक आणि टॉर्च रोज एकाच जागी ठेवा.

थंडीत वेगळे नियम. उणे वीसला साधे तेल घट्ट होते आणि फायरिंग पिन मंद पडते, म्हणून तेल पुसून कोरडे वंगण लावतात. बाहेरची थंड बंदूक गरम तंबूत आणली की तिच्यावर दव जमते, आणि परत बाहेर नेल्यावर तेच आत गोठते. बंदूक बाहेरच थंड ठेवावी आणि नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी. बर्फ भरलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटते.

कायदा

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला वैध शिकार परवान्यासारख्या मोजक्या अपवादांखेरीज बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अशा प्रवाशाला स्प्रे हाच मार्ग. २०१० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत बंदूक बाळगण्याला त्या-त्या राज्याचा कायदा लागू होतो, पण झाडण्यावरचे निर्बंध वेगळे आहेत. कॅनडात पाहुण्याला हँडगन (पिस्तूल-रिव्हॉल्व्हर) आणता येत नाही. रायफल-शॉटगन सीमेवर घोषणापत्र भरून आणता येते, पण राष्ट्रीय उद्यानांत ती साधारणपणे चालत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला पळवण्याचे योग्य साधन जवळ असणे सक्तीचे आहे आणि बंदूक नेण्याची शिफारस केली जाते. तिथे अस्वल १९७३ पासून संरक्षित आहे. मॅगझीन भरलेले आणि चेंबर (नळीमागची, झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामे, ही तिथली चालण्याची पद्धत.

अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारण्याची मुभा आहे. पण अन्न किंवा कचरा उघड्यावर टाकून तुम्हीच त्याला बोलावले असेल तर ती मिळत नाही. मारल्यावर नखांसकट कातडे आणि कवटी काढून राज्याकडे जमा करावी लागते आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. म्हणून तिथे बंदूक घेऊन निघणाऱ्याच्या सॅकमध्ये चांगली धारदार सुरी असतेच. तीनशे किलोंचे अस्वल सोलायला तास-दोन तास लागतात, आणि ते काम करताना एकाने पाठ सांभाळत बंदूक धरून उभे राहायचे असते, कारण रक्ताचा वास दुसऱ्या अस्वलालाही जातो.